कोपरापर्यंत हात

"जागा हाय का झोपला?"

दुकानाचं शटर वर जात असतानाच काकाजी हे विचारायचे. कुणाला विचारायचे, ते त्या दिवसावर अवलंबून असे. कधी बाजाराला, कधी न फिरणाऱ्या पंख्याला, तर बहुतेक वेळा गल्ल्यावर पेंगणाऱ्या मला. टीव्हीवर एखादा मंत्री बोलताना दिसला की मान वाकडी करून त्यालाही हेच. उत्तराची वाट कधी पाहायचे नाहीत. डोक्याची टोपी खुंटीला अडकवून सरळ गठ्ठ्यांकडे वळायचे.

नागपूरच्या गांधीबागेत आमचं ठोक कापडाचं दुकान. काकाजींना वडिलांनी ठेवलं, तेव्हा मी शाळेत होतो. ते मूळचे उमरेडचे, घराणं विणकरांचं. त्यांच्या घरी मात्र माग भावांकडे आणि रंग यांच्या वडिलांकडे. अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला निळीचा रांजण होता म्हणे. त्यात गूळ घालायचा, चुना घालायचा, गोणपाट पांघरायचं आणि आतलं मिश्रण आंबू द्यायचं. रांजण चांगला आंबला की जागा, फेस बसला की झोपला. झोपलेल्या रांजणात सूत बुडवलं तर निळं व्हायच्या ऐवजी मातकट होऊन बाहेर येतं. म्हणून रोज सकाळी काकाजींचे वडील कोपरापर्यंत हात आत घालत, हुंगत, बोट जिभेला लावून थुंकत आणि मग सांगत, आज काम करायचं की नाही. काकाजी हे सगळं त्यांच्याकडून शिकले. पुढे पुडीतले रंग आले, मग मागही बसले आणि रंगारी माणूस आमच्याकडे तागे उचलायला आला.

आता त्यांच्या नाकाबद्दल सांगतो, कारण पुढचा सगळा डोक्याला ताप त्या नाकामुळेच झाला. सुरतेहून आलेला गठ्ठा न फोडता ते सांगायचे, "हा वाटेत भिजला. वापस करा." फोडल्यावर आत बुरशी निघायचीच. दुपारी आम्ही जेवायला बसलो की डबे उघडायच्या आधी कुणाकडे काय आहे ते ओळखायचे. भिवापूरची मिरची आणि दुसरीकडची मिरची बंद पुडीतून वेगळी करायचे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, ज्यांचा एखादा अवयव बाकीच्या माणसापेक्षा जास्त शिकलेला असतो.

माझा साळा पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात आलं की नागपुरात स्वतःची छोटी ब्रुअरी काढायची, जिथे टाक्या काचेमागे दिसतात आणि तिथलीच ताजी बिअर टेबलावर येते. माझ्याही डोक्यात ते घुसलं. कापडाला मी विटलो होतो. साळ्याने पणजीतल्या तीन ब्रुअऱ्यांशी बोलून ठेवलं. शनिवारी दोन बघायच्या, रविवारी तिसरी. तिसरीचा मालक महत्त्वाचा. स्वतः बिअर बनवणारा माणूस, आणि सहा महिने नागपुरात येऊन आम्हाला सगळं उभं करून द्यायला तो जवळपास तयार होता.

मी दुकानात हे बोलून बसलो. काकाजी ताग्याची घडी करत ऐकत होते. घडी अर्धी सोडून जवळ आले.

"भाऊ, त्याच्यात काय करतात?"

"जवाला मोड आणतात, भाजतात, शिजवतात, मग टाकीत आंबवतात."

"आंबवतात? मंग रोज पाहा लागत असन त्याले. जागं हाय का नाही ते."

"लागत असेल."

"मले ठेवता का तिथी?" गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस हे विचारत होता. "पिनार नाही मी. जिभेले लावून थुकून देईन. झाडू मारीन, टाके धुईन, पन टाक्यापाशी ठेवा. चाळीस वर्सं झाले भाऊ, जितं काई हाताखाली नाही आलं. कापड काय, मेलेलं असते."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं होतं. शिवाय मला वाटलं, असं नाक कुठल्या पदवीवाल्याकडे असणार? मी म्हटलं, चला गोव्याला. तिथे तुमचं नाक काय सांगतं ते पाहू, मग ठरवू.

झक मारली आणि त्यांना नेलं.

नागपूरच्या विमानतळापासूनच सुरुवात झाली. साळा आदल्या दिवशी पुण्याहून येऊन आमच्याबरोबरच निघाला होता. काकाजींनी त्यांच्या घरच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. कशाला, तर "पान्याशी पानी लावून पाह्यल्याबिगर काय समजते?" बाटली आत नेता येणार नाही म्हटल्यावर ती त्यांनी मला न विचारता सामानात जाणाऱ्या माझ्या बॅगेत खुपसली. पणजीच्या हॉटेलात बॅग उघडली तर चार शर्ट आणि साळ्याने महिनाभर खपून केलेला आराखडा, सगळं ओलंचिंब. साळ्याने पानं एकेक करून पंख्याखाली वाळत घातली. काकाजी बाटली उजेडात धरून म्हणाले, "अर्धी तं वाचली."

पहिल्या ब्रुअरीत एका मुलीने लाकडी तबकात सहा छोटे ग्लास आणून ठेवले. एकात कोकम, एकात आंबा, एकात कॉफी, असे प्रकार. साळा ग्लास गोल फिरवून हुंगत होता. मी काकाजींकडे पाहत होतो. त्यांनी पहिल्या ग्लासावर नाक धरलं, डोळे मिटले, बराच वेळ तसेच राहिले.

"ठीक हाय."

दुसरा ग्लास. "ठीक हाय." तिसरा, चौथा, पाचवा, ठीक हाय. कॉफीचा ग्लास तर मलाही हातभर अंतरावरून कळत होता.

"काकाजी, यात काय आहे सांगा बरं?"

त्यांनी ग्लास नाकाशी नेला, मग डोळ्यांसमोर धरला. "ही काळी हाय," ते म्हणाले.

साळा हसू दाबायला खिडकीबाहेर बघू लागला. माझी कानशिलं तापली. यासाठी तिकीट काढून आणलं होतं का यांना? त्यावर काकाजींनी त्या मुलीला विचारलं, "नळ कुठी हाय?" आणि खिशातून कपडे धुवायच्या साबणाची वडी काढली. नळाखाली हातावर साबण चोळला, फेस पाहिला, मग आपल्या बाटलीतलं पाणी घेऊन पुन्हा चोळला. गिऱ्हाइकं ग्लास खाली ठेवून बघायला लागली. "पाहा भाऊ, इथलं पानी नरम. आपल्या पान्याचा फेस फाटते. आपल्याकडे हे असंच्या असं नाही जमनार." बोलले ते बरोबर असेल, पण मी पाणी बघायला एवढ्या लांब आलो नव्हतो.

दुसऱ्या ब्रुअरीत मालक आम्हाला टाक्यांचे आकार समजावत होता. मध्येच काकाजींनी विचारलं, "थुकाले जागा कुठी हाय?" मालकाला आधी कळलंच नाही, आणि कळल्यावर तोंड असं झालं की साळ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. नंतर पाहतो तर काकाजी गायब. मागच्या खोलीत पोत्यात हात घालून बसले होते. जवाचा दाणा दातांनी फोडत होते, मोडक्या हिंदीत टाक्या धुणाऱ्या माणसाला टाकी आतून कशी घासतात ते विचारत होते. अर्धा तास. त्या माणसाला मात्र ते आवडले होते. त्याने त्यांना स्टूल दिलं होतं.

संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालताना मी बोललोच. "काकाजी, मी तुम्हाला नाकासाठी आणलं. साबण घासायला नाही. सहाच्या सहा ग्लास ठीक हाय? कसं काय ठीक हाय?"

"गिलासात काय समजते, भाऊ? ते तयार झालेलं असते. उद्या टाक्याजवळ नेतीन ना? तिथी सांगतो मी. पक्कं सांगतो."

रविवारी सकाळी तिसऱ्या जागी गेलो. मालक पन्नाशीचा, कमी बोलणारा. टाक्यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्याने आम्हा तिघांना हात धुवायला लावले, बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. बाकी टाक्या बंद होत्या, पण कोपऱ्यात एक जुन्या पद्धतीचं टाकं होतं, वरून उघडं. त्यावर विटकरी छटेचा जाड फेस आला होता. त्यात त्याने काहीतरी वेगळं करून पाहायला घेतलं होतं. कुठल्याशा मित्राकडून मोठ्या मिनतवारीने मिळालेलं विरजण, असं तो प्रेमाने सांगत होता. साळा मान डोलावत होता. मालकाने नागपूरला कधी येऊ तेही बोलायला सुरुवात केली होती. म्हणाला, पावसाळ्यानंतर.

आणि काकाजींनी बाही वर सारली. मी पाहिलं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत त्यांचा हात कोपरापर्यंत त्या फेसात गेला होता. डोळे मिटलेले. बोटं आत हळूहळू उघडत-मिटत असावीत, कारण वरचा फेस हलत होता. मग हात बाहेर काढून त्यांनी बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा दुकानात कधीच पाहिला नव्हता.

"भाऊ, हा जागा हाय," ते म्हणाले.

मालक ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो त्या टाक्याकडे बघत म्हणाला, "हे आता ओतून द्यावं लागेल. तुम्ही बाहेर चला."

बाहेर रस्त्यावर माझा तोल गेला. आजवर मी काकाजींना अरे-तुरे केलं नव्हतं, तेव्हाही केलं नाही. पण त्यापेक्षा वाईट बोललो. "तुमचं काम तागे उचलायचं आहे, तेवढंच करा. अडाणी माणसाला टाकीजवळ आणलं, ही माझीच चूक. धुतलेल्या हातानेसुद्धा त्यात बोट घालत नाहीत, एवढं समजत नाही?"

"हात घातल्याबिगर कसं समजन, भाऊ?" त्यांनी खरंच विचारलं. हात अजून ओला होता. तो त्यांनी अंगापासून लांब धरला होता, कुठे पुसावा ते कळत नसल्यासारखा.

विमानात ते माझ्या शेजारी बसले होते आणि मी साळ्याशी बोलत होतो.

मालकाचा निरोप चार दिवसांनी साळ्याला आला, जमणार नाही म्हणून. साळ्याने आणखी दोन-तीन जागी विचारून पाहिलं, मग त्याचा उत्साह आटला. पुण्यातच काहीतरी दुसरं बघतो म्हणाला. मी पुन्हा गल्ल्यावर, काकाजी पुन्हा ताग्यांपाशी. सकाळचं विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. मीही म्हटलं, बरं आहे, शांतता तरी आहे. राग माझ्या अंगात मुरला होता. एखादा तागा हातातून निसटला तरी मी "काकाजी!" असं काही ओरडायचो की गिऱ्हाईक दचकायचं.

मे महिन्यात एका सोमवारी दुकान उघडलं तर आत पाय ठेववेना. उंदीर मेला होता कुठेतरी. नाकाला रुमाल बांधून आम्ही फळ्या हलवल्या, पण सापडेना. गिऱ्हाइकं पायरीवरूनच परत. मंगळवारी वास आणखी वाढला. दुपारी मी बाहेरच्या टपरीवर जेवलो. परत येऊन पाहतो तर आत काकाजी आपल्या नेहमीच्या जागी, मागच्या फळीला पाठ टेकून, भाकरी आणि वांग्याची भाजी खात बसलेले. निवांत. बोटं चाटत.

वास त्याच फळीमागून येत होता. त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर उंदीर होता.

"काकाजी," मी म्हटलं, "तुम्हाला वास नाही येत?"

त्यांनी माझ्या तोंडावरचा रुमाल पाहिला. "येते ना. येते," असं घाईघाईने म्हणाले. घास हातातच होता. मग आवाज खाली आणून विचारलं, "कशाचा येते भाऊ?"

मी तोंडावरचा रुमाल खाली ओढला.

कोरोनात सगळ्यांचा वास गेला तसा त्यांचाही गेला होता. बाकीच्यांचा परत आला, यांचा आला नाही. इतकी वर्षं त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. डबे ओळखणं बंद झालं होतं, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. म्हटलं असेल, वय झालं. गोव्यातला तो एकेक ग्लास आठवला. नाक लावून, डोळे मिटून ते कशाची वाट पाहत होते ते आता कळलं. साबणाने पाणी डोळ्यांना कळतं, दाणा दातांना कळतो. आणि टाक्यापाशी गेल्यावर त्यांच्याकडे फक्त हात उरला होता.

"सांगतलं काहून नाही?" मी विचारलं. रागानेच विचारलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला बोलता येत नव्हतं.

"सांगतलं असतं तं नेलं असतं का तुमी?"

नसतं नेलं. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शनिवारी त्यांनी टोपी खुंटीवरून काढली आणि माझ्यासमोर उभे राहिले. "भाऊ, सोमवारपासून नाही येत मी. इथीबी नाकाचीच नोकरी होती माही. गठ्ठे पाह्याची."

मी समजावलं. म्हटलं, कोरोनानंतर इतकी वर्षं तुम्ही गठ्ठे तपासलेत ना, हातानेच तपासलेत, एक तरी खराब निघाला का?

"खराब आलाच नाही, म्हनून निंघाला नाही. माह्यानं नाही ते," ते म्हणाले. इतका प्रामाणिकपणा माणसाने करू नये. समोरच्याला धरायला काही उरत नाही. मी त्यांची गोव्यातल्या बोलण्याबद्दल माफी मागणार होतो, शब्द तोंडात आलेही होते, तेवढ्यात एक व्यापारी चादरींचं विचारत आत आला आणि मी त्याच्याशी बोलायला लागलो. वळून पाहिलं तर खुंटी रिकामी.

गेल्या महिन्यात मी उमरेडला गेलो. काम काही नव्हतं. एसटीने गेलो, कारण गाडीने गेलं की परत वळवायचा मोह होतो, आणि तीनदा मी तशी वळवलीही होती. काकाजी मुलीकडे राहतात. मुलीने पदराने नाक झाकूनच दार उघडलं. "मागे हायेत जी. तुमीच समजवा त्यायले. मोहल्ल्यातले लोक भांडाले येऊन राहिले."

मागच्या अंगणात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण होता, नवा. तारेवर सुताच्या लडी वाळत होत्या, एक गडद, दुसरी फिकी, तिसरी भुरकट, कुठलीच मनासारखी नाही. काकाजी पाटावर बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते.

"या भाऊ," ते म्हणाले. मी कसा आलो, काहून आलो, काही विचारलं नाही. मी रस्ताभर घोकलेली माफी काढली. "काकाजी, त्या दिवशी मी जे बोललो..."

"ते असू द्या. इकडे या आंधी." त्यांनी रांजणावरचं गोणपाट बाजूला केलं आणि उजवा हात आत घातला. "हाताले अर्धंच समजते. बाकीचं नाकाचं काम हाय. पोरीले इचारलं तं म्हन्ते, घान येते. घान तं येतेच ना बाप्पा! कशी घान, ते पायजे मले. तुमी सुंगा अन् मले सांगा."

मी रांजणाच्या काठाला हात टेकून वाकलो. डोळ्यांत पाणी यावं असा भपकारा आला. त्या माणसाच्या नाकावर आमचं दुकान तीस वर्षं चाललं. त्याला नेमकं काय काय येत होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"कसा येते?"

"ताकासारखा," मी म्हटलं.

"ताजं ताक का शिळं?"

"शिळं... नाही, थांबा."

"त्याच्यात गोड हाय का थोडं? मागून येते ते. सावकाश या. घाई नाही."

हात आत तसाच ठेवून ते रांजणाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. मी श्वास सोडला आणि पुन्हा वाकलो.